उभे राहणे आणि श्वास सोडणे

घरात वर्षानुवर्षे वावरणाऱ्या यंत्रांविषयी आम्ही या सदरातून लिहीत आलो आहो. शिवणयंत्र, विहिरीवरचा पंप आणि भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ यांच्यावरील लेख प्रसिद्ध झाल्यानंतर वाचकांची जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच यंत्राकडे होता. ते यंत्र म्हणजे जुनी मोटारसायकल. वडिलांची, काकांची, क्वचित आजोबांची. ती विकवत नाही आणि चालवावी तर रोज काही ना काही कुरकुर करते, अशा मजकुराची ही पत्रे वाचताना एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. तक्रारींचे शब्द वेगवेगळे असले तरी मूळ तक्रारी दोनच होत्या. गाडी जागोजाग तेल गाळते, ही पहिली. आणि गाडी नीट उभी राहत नाही, ही दुसरी. प्रस्तुत लेखात आम्ही या दोहोंचाच विचार करणार आहो.

आमचे बेळगाव हे छावणीचे गाव, आणि उद्यमबागेतील ओतशाळा व लेथ यांच्यामुळे कारागिरांचेही गाव. जुने यंत्र जगवावयाचे असेल तर दोन गोष्टी लागतात : ते यंत्र जवळ बाळगण्याची हौस आणि त्याचा झिजलेला भाग पुन्हा घडवून देणारा हात. आमच्या भागात दोन्ही आहेत. दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कारखान्याने ब्रिटिश लष्करासाठी एम-२० या जातीच्या एक लाखाहून अधिक मोटारसायकली बांधल्या. युद्ध संपल्यानंतर लष्कराने लिलावात काढलेल्या अशा परदेशी गाड्या देशात ठिकठिकाणी नागरिकांच्या हाती आल्या. पुढे १९५५ मध्ये इंग्लंडातील रॉयल एन्फिल्ड आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून एन्फिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन केली आणि मद्रासजवळच्या तिरुवोत्रियूर येथे साडेतीनशे सीसीची बुलेट तयार होऊ लागली. इंग्लंडातील मूळ उत्पादन १९७० मध्ये संपले. परंतु बिडाच्या सिलिंडरची ती जुन्या घडणीची बुलेट आपल्याकडे २०१० च्या सुमारापर्यंत बनत राहिली. खानापूरच्या चिखलातून आणि निपाणीच्या उसाच्या वाटांवरून ज्यांनी अर्धे आयुष्य काढले अशा या गाड्या आजही कित्येक अंगणांत उभ्या आहेत. म्हणून आम्ही उदाहरणासाठी बुलेटच घेतो. ज्यांच्याकडे अन्य जातीची जुनी गाडी आहे, त्यांनाही बहुतेक विवेचन लागू पडेल.

प्रथम तेलाची कथा. इंजिनाच्या पोटात दट्ट्या म्हणजे पिस्टन वर-खाली होतो, हे सर्वांस ठाऊक आहे. दट्ट्याच्या वरच्या बाजूस पेट्रोलचा स्फोट होतो, तिकडे सर्वांचे लक्ष असते. खालच्या बाजूस काय घडते, याचा विचार मात्र फारसे कोणी करीत नाही. बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याचा पल्ला ९० मिलिमीटर. म्हणजे दट्ट्या एकदा खाली आला की त्याच्याखालची ३४६ घन सेंटिमीटर जागा तो व्यापतो. तेथील हवेने जावे कोठे? इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल तर दट्ट्या सेकंदास ५० वेळा खाली येतो. गुणाकार केला असता असे दिसते, की दर सेकंदास सतरा लिटरांहून अधिक हवा त्या बंद पेटीत ढकलली व ओढली जात असते. याच्या जोडीला, रिंगांच्या कडेने निसटून आलेला जळका वायूही त्या पेटीत उतरतो. या पेटीस आमचे मिस्त्री चेंबर म्हणतात.

या कोंडलेल्या हवेस बाहेर पडण्यासाठी ठेवलेली वाट म्हणजे ब्रीदर. चेंबरातून निघालेली एक नळी, आणि तिच्या टोकास बदकाच्या चोचीसारखे चपट्या ओठांचे रबर, एवढाच हा सरंजाम. दट्ट्या खाली आला की दाबाने ओठ विलग होतात व हवा बाहेर पडते. दट्ट्या वर गेला की ओठ मिटतात आणि बाहेरची हवा आत येऊ शकत नाही. ज्यांस प्राणायामाचा परिचय आहे, त्यांना हे चटकन समजेल. येथे रेचक आहे. पूरक मात्र वर्ज्य आहे. काही फेऱ्यांतच चेंबरातील हवा विरळ होते, आत किंचित ओढ निर्माण होते, आणि ही ओढच तेलाला आतल्या आत धरून ठेवते. पूर्वीच्या इंग्लिश गाड्यांत रबराऐवजी पोलादाच्या पातळ चकत्या असत. साहित्य निराळे, तत्त्व तेच.

आता ही वाट बुजली तर काय होईल? हवा आपली वाट शोधणारच. ती पॅकिंगच्या फटीतून, ऑइल सीलच्या ओठांतून, जेथे म्हणून दुबळी जागा सापडेल तेथून बाहेर पडेल आणि जाताना तेल बरोबर नेईल. बाहेरून पाहणाऱ्यास दिसते ते एवढेच, की इंजिन सर्वांगाने पाझरते आहे. मग पॅकिंग बदलले जाते. दोन दिवस बरे वाटते, तिसऱ्या दिवशी तेल पुन्हा हजर. मग सील बदलले जाते. त्यानेही भागले नाही की ‘इंजिन खोलावे लागेल’ हे वाक्य कानावर येते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, यातला हा प्रकार.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. त्याचे वडील भूमापन खात्यात होते. त्यांनी सारी नोकरी एका बुलेटवर केली. ते वारल्यानंतर ती गाडी दोन पावसाळे गोठ्याच्या पडवीत उभी होती. पुढे मुलाने ती बाहेर काढली, सुरू केली, आणि पहिल्याच फेरीत इंजिनाच्या चारी अंगांनी तेल वाहू लागले. एका गॅरेजात वरचे पॅकिंग बदलले गेले, दुसऱ्यात सगळी सीले. तिसऱ्या ठिकाणी बोअर, पिस्टन, बेअरिंगे असा जो आकडा सांगण्यात आला, तो त्या घराच्या दोन महिन्यांच्या मिळकतीएवढा होता. एवढा खर्च झेपत नसेल तर भंगाराच्या भावात घेऊन जाण्याची तयारीही त्या गृहस्थांनी दाखविली. मुलाच्या आईने होकार दिला होता. ‘ह्यांची गाडी अशी तेलात बरबटलेली बघवत नाही, जाऊ दे एकदाची,’ असे त्या म्हणाल्या.

व्यवहार ठरण्याच्या आदल्या रविवारी तो मुलगा आमच्याकडे आला, तेव्हा आम्ही त्यास एकच प्रश्न विचारला : ब्रीदरची नळी कोणी काढून पाहिली काय? ती कोणीच पाहिली नव्हती. टोकाचे रबर केव्हाच कुजून गळून पडले होते आणि उघड्या नळीत कुंभारीण माशीने आपले मातीचे घर बांधले होते. भिंतीच्या छिद्रांत, कुलपांच्या भोकांत, पाइपांच्या तोंडांत ही माशी चिखलाचे बिऱ्हाड थाटते, हे गावाकडील वाचकांस सांगणे न लगे. वाळलेला तो चिखल दगडासारखा घट्ट झाला होता. नळी बदलली, तेथे नवे रबर बसविले आणि इंजिन धुऊन काढले. साऱ्या उपचारास घरी आलेल्या चार पाहुण्यांच्या चहाफराळाएवढा खर्च आला. बदललेली पॅकिंगे व सीले मुळात चांगलीच होती. दाब नाहीसा होताच ती आपले काम करू लागली. ती गाडी आजही त्या घरी आहे. मुलाची आई सणावारी गाडीला हार घालते, असे ऐकतो.

प्रत्येक गळक्या इंजिनाचे दुखणे एवढे स्वस्त असते, असे मात्र कोणी समजू नये. म्हणून तपासणीचा क्रम सांगतो. इंजिन पाच-सात मिनिटे चालवून गरम करावे आणि मंद गतीवर असता ब्रीदरच्या तोंडाशी बोट धरावे. हवेचे हलके, एकसारखे फुत्कार बोटास लागले पाहिजेत. काहीच लागत नसेल तर वाट बुजली आहे. इंजिन बंद करून, ते निवाल्यावर, नळी सोडवावी. दुसरी एक स्वच्छ नळी जोडून चेंबराच्या बाजूने फुंकून पाहावे : हवा बाहेर गेली पाहिजे. नंतर ओढून पाहावे : हवा आत येता कामा नये. ओढल्यावर हवा आत येत असेल तर रबराचे ओठ मिटत नाहीत, असे समजावे. असा ब्रीदर असून नसल्यासारखा. तो हवेबरोबर धूळही आत घेतो, आणि धूळ व तेल यांचे मिश्रण म्हणजे बेअरिंगांसाठी उगाळलेला कुरुंदच. रबर कडक झालेले, चिरलेले वा तेलाने फुगलेले असेल तर ते धुण्याच्या भानगडीत न पडता बदलावे. नळी रॉकेलने धुऊन आत तार फिरवावी. नळीस कोठे मोड पडली नाही ना, हे पाहावे. तिचा उतार सतत खाली असावा आणि तोंड मागच्या टायरपासून दूर असावे. तेलाचे चार थेंब जमिनीवर पडले तर अंगण खराब होते. टायरवर पडले तर वळणावर माणूस जातो.

ब्रीदर मोकळा असूनही त्यातून तेल उडत असेल तर तीन शक्यता उरतात. पहिली, तेल जास्त भरलेले असणे. बुलेटचे तेल इंजिनाच्याच कवचातील निराळ्या कप्प्यात असते. गाडी बराच वेळ उभी असता मोजपट्टी फसवी पातळी दाखविते. तेव्हा इंजिन थोडे चालवून, बंद करून, मगच पट्टी पाहावी. ‘थोडे जास्त असलेले बरे’ या समजुतीने ओतलेले तेल ब्रीदरवाटे बाहेर येते. अति तेथे माती, हा न्याय यंत्रांनाही लागू आहे. दुसरी शक्यता झिजलेल्या रिंगांची. अशा वेळी ब्रीदरमधून फुत्काराऐवजी धुराचा अखंड झोत येतो, चढावर सायलेन्सर निळसर धूर सोडतो आणि किक मारताना पायास पूर्वीचा विरोध जाणवत नाही. ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर मात्र इंजिन खोलण्यास हरकत घेऊ नये. एक लक्षण दिसताच घाई करू नये.

तिसरी शक्यता मुख्यतः बी.एस.ए., नॉर्टन, ट्रायम्फ अशा गाड्यांत आढळते. त्यांची तेलाची टाकी स्वतंत्र आणि बैठकीखाली, म्हणजे पंपापेक्षा उंचावर असते. इंजिन थांबल्यावर टाकीतील तेल खाली उतरू नये म्हणून वाटेत एक गोळी व स्प्रिंग असते. ही गोळी नीट बसेनाशी झाली, अथवा पंप झिजला, की गाडी नुसती उभी असताना टाकी हळूहळू चेंबरात रिती होते. सहा महिन्यांनी मालक हौसेने किक मारतो आणि ब्रीदरमधून तेलाची चिळकांडी उडते. अशी गाडी दीर्घकाळ उभी असेल तर सुरू करण्याआधी चेंबराचा तळचा बोल्ट काढून साचलेले तेल काढून घ्यावे व तेवढेच तेल टाकीत भरावे; सवडीने गोळी व तिची बैठक दुरुस्त करावी. काही जण तेलाच्या नळीवर तोटी बसवून मोकळे होतात. ती तोटी उघडावयाचे एकदा जरी विसरले तरी कोरडे इंजिन काही मिनिटांत जाम होते. एवढी जोखीम घेण्यापेक्षा गोळी दुरुस्त करणे बरे.

पावसाळ्यात आणखी एक दृश्य दिसते. तेलाचे झाकण उघडले असता आतल्या बाजूस ताकावरच्या लोण्यासारखा पांढरट लगदा आढळतो. पुष्कळ वाचक त्याने घाबरून जातात. चेंबरातील दमट हवा थंड होऊन पाणी सुटते व ते तेलात घुसळले जाते, एवढाच त्याचा अर्थ. घरापासून बाजारापर्यंत एवढीच धाव घेणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापत नाही आणि वाफ ब्रीदरवाटे बाहेर जात नाही. आठवड्यातून एकदा तरी गाडी पंधरा-वीस किलोमीटर सलग चालवावी. आणि लगदा फार असेल तर तेल बदलावे.

येथे जावा, येझ्दी आणि राजदूतच्या मालकांसाठी एक सूचना. म्हैसूरचा जावा-येझ्दीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी त्या गाड्या अजून मोठ्या संख्येने आहेत. त्यांचे इंजिन दोन आघातांचे. त्यांत चेंबर हेच पेट्रोल-मिश्रण ओढून वर ढकलण्याचे काम करते. म्हणून तेथे चेंबरास ब्रीदर नसतो आणि असूही नये. तेथे हवा जराही निसटली तर गाडी सुरू होण्यासच खळखळ करते. तेव्हा बुलेटवाल्या शेजाऱ्याचा सल्ला ऐकून ब्रीदर शोधत बसण्यात काही हशील नाही.

आता दुसरी तक्रार : उभे राहण्याची. भाषेत जे स्थान पूर्णविरामाचे, ते मोटारसायकलीत स्टँडचे. वाक्य कितीही चांगले असो, ते कोठे थांबावे हे कळले नाही तर अर्थाचा अनर्थ होतो. बुलेट दीड क्विंटलाहून अधिक वजनाची. तेवढे लोखंड अंगणात कशाच्या आधारावर उभे आहे, याची चौकशी घरातील कोणीही करीत नाही. आणि त्याच अंगणात मुले खेळत असतात. आमच्या गल्लीत एका मे महिन्याच्या सुट्टीत असाच प्रसंग घडला. डबल स्टँडवर उभी असलेली गाडी एका सहा वर्षांच्या मुलाने हँडल धरून थोडीशी पुढे ओढली. खिळीच्या जागी झिजून सैल झालेला स्टँड एका अंगास कलला आणि गाडी मुलाच्या पायावर आली. पाय दीड महिना प्लास्टरमध्ये राहिला. सुदैवाने पुढे काही व्यंग उरले नाही. घरातील वडील मंडळी त्या मुलास रागावली. वास्तविक मुलाने केले ते कोणतेही मूल करील. गाडी वर्षभर एका बाजूस झुकून उभी राहत होती, हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले होते.

स्टँडचे दुखणे ओळखावयास इंजिनाइतके ज्ञान लागत नाही. गाडी सपाट फरशीवर डबल स्टँडला लावावी आणि मागे चार पावलांवर बसून पाहावे. मागचे चाक जमिनीपासून सुटलेले असले पाहिजे. त्याच्याखालून आगपेटी आडवी सरकली तर ठीक. चाक टेकत असेल तर स्टँडचे पाय घासून आखूड झाले आहेत. गाडी एका बाजूस कलली असेल तर एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आहे, अथवा स्टँड वाकला आहे. नंतर मागची कॅरिअर धरून गाडी हळूच डावी-उजवीकडे हलवून पाहावी. आधी खट् असा आवाज होऊन मग गाडी हलली तर खिळ व तिचे बुश झिजले आहेत, असे खुशाल समजावे.

दुरुस्तीचा क्रम असा. स्टँड गाडीपासून पूर्ण सोडवून घ्यावा. तो गाडीला असतानाच वेल्डिंग करणे सोयीचे वाटते. पण पेट्रोलची टाकी आणि बॅटरीच्या तारा जवळ असता ठिणगीशी खेळ नको. शिवाय जुन्या इंग्लिश घडणीच्या सांगाड्यात पुष्कळ सांधे ओतीव असतात आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ओतीव भागास भेग जाण्याचे भय असते. म्हणून स्टँडच्या पायास खुशाल भर घालावी, सांगाड्याच्या कानास मात्र वेल्डिंगचा स्पर्श होऊ देऊ नये. तेथील भोक लांबट झाले असेल तर ते रीमरने गोल करून त्यात तांब्याच्या मिश्रधातूचे, ज्यास गनमेटल म्हणतात त्याचे, बुश घट्ट बसवावे आणि त्या मापाची नवी खिळ करून घ्यावी. एवढे काम कोणताही चांगला टर्नर तासाभरात करून देतो. खिळीस ग्रीसची वाट ठेवण्यास त्यास आवर्जून सांगावे. ग्रीस मिळते तोवर झीज जवळजवळ थांबते. पायांना भर घालताना दोन्ही पायांचे माप एकाच पट्टीवर घ्यावे. फार उंच केलेला स्टँडही वाईट; गाडी वर चढविताना कमरेचे हाल होतात.

कमरेवरून आठवले. गाडी डबल स्टँडला लावताना पुष्कळ जण हातांनी उचलतात. ही कुस्ती अनावश्यक आहे. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीस टेकले आहेत, हे पायाने चाचपून पाहावे. मग आपले सारे वजन स्टँडच्या पायरीवर टाकावे आणि हाताने फक्त दिशा द्यावी. पाय टेकलेले असले आणि मापे बरोबर असली तर साठी उलटलेला माणूसही बुलेट लीलया उभी करतो. जो स्टँड असा चढत नाही तो झिजलेला आहे, हीच त्याची परीक्षा.

यानंतर स्प्रिंग. स्टँड वर उचलला असता त्यास तेथेच धरून ठेवणे, हे तिचे काम. ती सैल पडली तर चालत्या गाडीचा स्टँड खड्ड्यात खाली येतो. आणि डाव्या वळणावर साइड स्टँड जमिनीस टेकला तर गाडी फेकली जाते. आजकालच्या कित्येक नव्या गाड्यांत साइड स्टँड खाली असता इंजिन चालू न राहण्याची सोय असते. जुन्या गाडीत ती सोय म्हणजे ही स्प्रिंग आणि आपली स्मरणशक्ती. म्हणून स्प्रिंगची आकडी अर्धी झिजलेली दिसली की तुटण्याची वाट न पाहता ती बदलावी.

नवी स्प्रिंग बसविणे हे घरच्या कामांतील सर्वांत रागाचे काम. ती ताणताना पक्कड सुटते, बोटे सोलवटतात, प्रसंगी डोळ्यास इजा होते. यावर मिस्त्री लोकांची एक नामी युक्ती आहे. स्प्रिंग शेगड्यात म्हणजे व्हाइसमध्ये एका टोकाशी धरून एका अंगास वाकवावी; विरुद्ध अंगाच्या वेढ्यांत फटी पडतात. प्रत्येक फटीत एकेक रुपयाचे नाणे सरकवावे. मग दुसऱ्या अंगास वाकवून तिकडच्या फटीतही नाणी घालावीत. पंधरा नाणी गेली की स्प्रिंग दोन-अडीच सेंटिमीटर लांब झालेली असते आणि तशीच लांब राहते. आता स्टँड अशा स्थितीत धरावा, की स्प्रिंगच्या दोन आकड्यांमधील अंतर कमीत कमी होईल. स्प्रिंग हाताने अडकते. नंतर स्टँड विरुद्ध स्थितीत नेला की ती आणखी ताणली जाते आणि नाणी टपाटप खाली पडतात. नाणी गोळा करताना मुलांची मदत होते. मात्र नाणी घालताना डोळ्यांवर चष्मा असू द्यावा आणि मुलांस दूर ठेवावे.

साइड स्टँडचे शास्त्र लांबीचे आहे. तो फार आखूड असेल तर गाडी इतकी झुकते की उचलताना जीव मेटाकुटीस येतो. फार लांब असेल तर गाडी जवळजवळ ताठ उभी राहते आणि डावीकडून साधा धक्का लागला तरी उजवीकडे कोसळते. टायरचे माप वा शॉकअब्सॉर्बर बदलले की पूर्वी बरोबर असलेली लांबी चुकीची ठरते, हे ध्यानात ठेवावे. साइड स्टँडवर गाडी असता तिच्यावर बसून किक मारणे टाळावे. सारा भार एका पायावर आणि सांगाड्याच्या एका कानावर येतो. चढावर गाडी उभी करताना तोंड चढाकडे असावे आणि पहिला गिअर घातलेला असावा. पावसाळी मातीत स्टँडखाली शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवावा. तो डिकीत बाळगण्यात कमीपणा मानू नये.

युद्धकाळातील गाड्यांना मागच्या आसाजवळ बिजागरी असलेला मोठा मागचा स्टँड असतो. चाक काढण्यास तो फार सोयीचा. त्यास वर अडकवून ठेवणारी पट्टी मात्र मडगार्डजवळ असते आणि ती सैल झाल्यास तो रस्त्यावर घासत येतो. दूरच्या प्रवासास निघताना ती पट्टी हाताने दाबून पाहावी.

दुरुस्ती करताना मूळ घडण राखावी, असा आमचा आग्रह आहे आणि त्यास आता कायद्याचेही एक कारण मिळाले आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात मोठा बदल न केलेली दुचाकी ‘विंटेज’ म्हणून नोंदविता येते. अशा गाडीस स्वतंत्र क्रमांकपट्टी मिळते; पण ती रोजच्या वापरास चालत नाही, प्रदर्शने, रॅली व तत्सम प्रसंगांपुरतीच रस्त्यावर आणता येते. ज्यांना वडिलांची गाडी रोज चालवावयाची आहे, त्यांनी साध्या नोंदणीचे नूतनीकरण करीत राहावे हेच बरे. कोणता मार्ग घ्यावयाचा, हे घरातील सर्वांनी बसून ठरवावे. खिळ नवी, बुश नवे, रबर नवे, पण घडण तीच, अशी दुरुस्ती दोन्ही मार्गांस पोषक ठरते.

एकंदर पाहता, यंत्राच्या कोणत्या भागाकडे आपले लक्ष जाते आणि कोणत्या भागाकडे जात नाही, यातच पुष्कळ काही दडलेले असते. टाकीची झिलई आणि सायलेन्सरचा आवाज यांचे कौतुक सर्वांस असते. उभे राहणे आणि श्वास सोडणे या गोष्टी घडत असतात तोवर कोणाच्या खिजगणतीतही नसतात. शाळेत आम्ही हेच पाहतो. हुशार मुलाचे पाठांतर सर्वांस दिसते. ज्या मुलास मनातले कोणाशी बोलता येत नाही, ते मूल दाब असह्य झाल्यावर कोठून तरी फुटते, आणि मग सगळे म्हणतात की मूल वाईट आहे. वाट कोठे बुजली, हे पाहण्यास कोणी वाकत नाही.

वाचकांस आमची विनंती एवढीच, की येत्या अमावास्येस, किंवा खंडेनवमीची वाट पाहावयाची नसेल तर येत्या रविवारी, अर्धा तास काढावा. ब्रीदरच्या तोंडाशी बोट धरावे, नळीत डोकावावे, मागे बसून स्टँड पाहावा, खिळीस ग्रीस द्यावे आणि स्प्रिंगची आकडी तपासावी. सोबत घरातील एखादे मूल घ्यावे आणि त्याच्याकडून प्रत्येक भागाचे नाव वदवून घ्यावे. पुढच्या लेखात जुन्या गाडीच्या दिव्यांचा व डायनॅमोचा विचार करू. त्याविषयीच्या अडचणी वाचकांनी महिनाअखेरपर्यंत अवश्य कळवाव्यात.